रेघेवरचा शब्द

गेल्या पालकसभेच्या दिवशी वऱ्हांड्यातील भिंतीवर लावलेल्या खाकी कागदांपुढे एक पालक बराच वेळ उभे होते. पहाटेच्या एसटीने आलेले, हातात मुलीसाठी आणलेला डबा. कागदांवर मधोमध एकेक शब्द, त्याभोवती निघालेल्या वेड्यावाकड्या रेघा, रेघांवर बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेले. सभा संपल्यावर ते आमच्याकडे आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “सर, राग मानू नका. पण पोरगी इथं ठेवली ती शिकायला. ह्या गोल अन् रेघा काढून ती दहावीत पास होणार का?”

प्रश्न रास्त होता. वसतिगृहात मूल ठेवण्यासाठी त्या घराने काय काय बाजूला सारले असेल याची आम्हांला कल्पना आहे. त्या दिवशी गर्दीत आम्ही त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले. ते आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने भाषा विभागाकडून लेख मागितला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे आम्ही ठरविले. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आमच्याच वर्गात ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ घोकले आहे. त्या घोकंपट्टीचा थोडा हिशेबही यानिमित्ताने देता येईल.

विभक्तीचा तक्ता हा मराठी शाळेतील कदाचित सर्वांत अधिक पाठ केला गेलेला आणि सर्वांत कमी वापरला गेलेला मजकूर असावा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 मध्ये प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये. या थोर ग्रंथांतून झिरपत झिरपत आपल्या वर्गात पोहोचला तो एक तक्ता, आणि तो मुलांनी तालावर म्हणायचा. आम्हीही तसाच शिकलो, तसाच शिकविला. काही वर्षांपूर्वी आमच्यातील काहींचे मत झाले की मुलांना व्याकरणाचा कंटाळा येतो, तेव्हा त्याला फाटा देऊन गोष्टी, गाणी, संवाद यांवर भर द्यावा. हे मत आम्हांला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. एखादी वस्तू वापरलीच नाही, तर ती निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

शनिवारचे शेवटचे दोन तास आम्ही या कामासाठी घेतो. प्रत्येक गटाला एक खाकी कागद मिळतो, आणि कागदाच्या मधोमध एक नाम. पहिल्या वर्षी पहिला शब्द घेतला तो ‘पाणी’. अट एकच. मधल्या शब्दापासून बाहेर जाणारी प्रत्येक रेघ एका विभक्तीची, आणि त्या रेघेवर प्रत्ययासह शब्द लिहिलाच पाहिजे. नुसती रेघ चालणार नाही.

प्रारंभ मामुली होता. ‘पाण्याने तहान भागते’, ‘पाण्यात मासे असतात’. चौथीच्या निबंधात शोभतील अशी वाक्ये. मग ‘पाण्याला’ या रेघेवर एक गट अडला. तक्त्यात द्वितीयेलाही ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’, मग एक रेघ काढायची की दोन? एका मुलीने सांगितले, “आई पाण्याला जाते आणि धरण पाण्याला अडवतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” वर्षानुवर्षे आम्ही ‘रूपे सारखीच, म्हणून एकदाच पाठ करा’ असे सांगत आलो होतो. कर्म आणि प्रयोजन यांतला भेद त्या मुलीने कुठल्याही व्याख्येशिवाय पाडून दाखविला. तो तिला दिसला, कारण कागदावर दोन रेघा दोन दिशांना जात होत्या. एका बाजूला धरण, दुसऱ्या बाजूला डोक्यावर गुंड घेऊन निघालेली आई. ‘पाण्याला’ हा शब्द तोंडाने उच्चारला तर एकच ऐकू येतो. कागदावर मात्र त्याला दोन जागा घ्याव्या लागतात.

त्यानंतर कागद भरत गेला. ‘पाण्याचा’ या रेघेला षष्ठीमुळे मालक विचारावा लागतो: विहिरीचे पाणी, आणि विहीर कोणाची? ‘पाण्याहून’ या पंचमीला तुलना लागते, तेव्हा ज्याच्या घरचे दूध डेअरीला जाते त्या मुलाने बाटलीतल्या पाण्याहून दूध किती महाग, असे लिहिले आणि खाली मोठे प्रश्नचिन्ह काढले. ‘पाण्यात’ या रेघेवर सर्वाधिक गर्दी झाली. ‘पाण्यात पाहणे’ आले, पाठोपाठ खारपाणपट्ट्यातील मुलांनी ‘पाण्यात मीठ’ लिहिले. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत भूजल खारे आहे. विहिरीला पाणी असूनही ते पिण्याला नाही आणि पिकालाही धड नाही. ‘पाणी आहे पण पाण्याला जावे लागते’ हे वाक्य त्या मुलांनी दोन विभक्त्या जोडून तयार केले. आमच्या मते ते त्या वर्षीचे सर्वांत चांगले वाक्य होते.

संबोधनाची रेघ आम्ही खरे तर गंमत म्हणून ठेवली होती. पाण्याला हाक कोण मारणार? पण सातवीतील एका मुलीने ‘अरे पाण्या’ असे आरंभ करून दीड पानाचे पत्र लिहिले. पाणी मध्यरात्री नळाला का येते, दिवसा येण्यात त्याला कसली लाज वाटते, असे काहीसे त्यात होते. ते पत्र आम्ही हस्तलिखितात घेतले आहे.

आणखी एक निरीक्षण मुलांचेच. प्रत्यय लागण्याआधी शब्द वाकतो: पाणी-पाण्या, घोडा-घोड्या, फूल-फुला. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात आणि परीक्षेत त्यावर एक गुण असतो. एका मुलाने विचारले, “नातं जोडायच्या आधी शब्दाला बदलावं लागतं का?” आम्ही हो म्हणालो. याहून चांगली व्याख्या आम्हांला सुचली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले, ती सांगतो. मार्च महिन्यात महाडच्या सत्याग्रहाचा दिन येतो. 20 मार्च 1927. आपल्या शाळेत त्या दिवशी भाषणे होतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुतेक भाषणे गेल्या वर्षीचीच असतात. मुले तारखा अचूक सांगतात. 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा ठराव संमत झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, 1927 मध्ये बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 साल उजाडले. हे सर्व मुलांना ठाऊक असते. पण ठाऊक असणे आणि त्यावर स्वतःचा एखादा प्रश्न उभा करता येणे, यांत अंतर आहे.

त्या वर्षी आम्ही भाषणांऐवजी नववीच्या वर्गाला ‘पाणी’चाच कागद पुन्हा दिला आणि म्हटले, याच रेघांवर महाड लिहा. षष्ठी: तळ्याचे पाणी, तळे नगरपालिकेचे, नगरपालिका कोणाची? चतुर्थी: पाण्याला गेले, की केवळ पाण्याला गेले नव्हते? इथवर अपेक्षित होते. तृतीयेच्या रेघेवर मात्र वर्ग थबकला. मराठीत ‘ने’ हा प्रत्यय दोन कामे करतो. ‘पाण्याने हात धुतले’ यात पाणी साधन आहे. ‘माणसाने पाणी प्यायले’ यात माणूस कर्ता आहे. मुलांनी दोन्ही वाक्ये समोरासमोर मांडली. सत्याग्रहानंतर तळे ‘बाटले’ म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची शुद्धी करण्यात आली, हेही त्यांना ठाऊक होते. मग एका मुलाने दोन रेघांच्या मध्ये तिसरी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिले: ‘पाण्याने माणूस शुद्ध होतो, तर माणसाने पाणी कसे बाटते? दोघांत जोर कोणाचा?’

अस्पृश्यतेच्या तर्कातील विसंगती याहून थोडक्यात मांडलेली आम्ही फारशी वाचलेली नाही. हा मुलगा वर्गातील ‘हुशार’ गणला जाणारा नव्हे. त्याला ही कल्पना ‘सुचली’ असे आपण म्हणतो, पण ती आकाशातून पडलेली नव्हती. एकच प्रत्यय दोन जागी ठेवून, त्या जागा समोरासमोर दिसतील अशा मांडून त्याने नुसती अदलाबदल करून पाहिली. सर्जनशील विचार म्हणजे देणगी, ती असते किंवा नसते, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीने आपल्या मुलांचे फार नुकसान केले आहे, कारण ‘देणगी’ कोणाकडे असते हे समाजाने आधीच ठरवून टाकलेले होते. आमचा अनुभव असा की तिच्यातला मोठा भाग रीतीचा आहे. आणि रीत शिकविता येते.

शब्दाची फोड करणे ही त्या रीतीची दुसरी बाजू. ‘मूकनायक’ हे पत्र 31 जानेवारी 1920 रोजी निघाले, हे आपल्या शाळेत सहावीतले मूलही सांगेल. समास शिकविताना आम्ही तो शब्द फळ्यावर लिहिला आणि विग्रह विचारला. अर्ध्या वर्गाने ‘मुक्यांचा नायक’ म्हटले, उरलेल्यांनी ‘मुका असा नायक’. पहिला षष्ठी तत्पुरुष, दुसरा कर्मधारय. कोणता बरोबर हे सांगून विषय मिटविता आला असता. आम्ही दोन्ही विग्रह कागदाच्या दोन टोकांना लिहून ठेवले. मग चर्चा अशी निघाली की नायक मुका असेल तर तो बोलणार कसा, आणि बोलू लागला तर पत्राचे नाव बदलावे लागेल का. एकाने 1927 मध्ये निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’ची आठवण करून दिली. पहिल्या नावात मुकेपणा आहे, दुसऱ्यात बाहेर टाकले जाणे आहे, असे तो म्हणाला. दोन नावांमधील या प्रवासावर त्याने रेघ काढली, पण रेघेवर कोणता शब्द लिहायचा हे त्याला ठरविता येईना. ती रेघ अजून कोरीच आहे.

‘बहिष्कृत’ हा शब्द आम्ही पुढे स्वतंत्रपणे घेतला. बहिस् अधिक कृत, म्हणजे बाहेर केलेला. त्याच्याशेजारी मुलांनी दलित, शोषित, वंचित, पीडित, उपेक्षित हे शब्द मांडले. हे सर्व शब्द आपल्याविषयी बोलताना आपण आणि इतर लोक सर्रास वापरतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही सर्व कर्मणि धातुसाधिते आहेत, ज्यांत क्रिया झालेली आहे, ती कोणावर झाली हे सांगितलेले आहे, आणि ती कोणी केली हे मात्र शब्दाबाहेर राहिलेले आहे. म्हणून आम्ही नियम केला की अशा प्रत्येक शब्दापासून एक रेघ निघेल आणि तिच्यावर ‘कोणी?’ असे लिहिले जाईल. कागदाच्या एका बाजूला एकाखाली एक सहा रिकामे चौकोन तयार झाले. ते भरताना वर्गात जो वाद झाला तो इथे सांगत नाही. कोणी गावाचे नाव लिहिले, कोणी रूढी, कोणी ‘आपण पण’ असे लिहिले. या तिसऱ्या उत्तरावर पाऊण तास गेला आणि घंटा झाली तरी मुले उठेनात.

त्याच दिवशी एका मुलीने विचारले की ‘बुद्ध’ हा शब्दही याच साच्याचा आहे का. आहे. बुध् धातूचे तेच रूप. पण तिथे अर्थ कर्मणि नाही. कोणीतरी जागे केलेला असा नव्हे, स्वतः जागा झालेला. ‘कोणी?’ या रेघेचे उत्तर तिथे त्याच शब्दात परत येते. तिने रेघ वळवून गोल करून त्याच शब्दाला जोडली. वंदनेत हा शब्द आपण रोज किती वेळा उच्चारतो! त्याचे व्याकरण पाहण्याची गरज आम्हां शिक्षकांना कधी वाटली नव्हती, हे नमूद करायला हवे.

वंदनेवरून आठवले. पंचशीलातील ‘सिक्खापद’ हा शब्द वसतिगृहातील लहानातले लहान मूलही म्हणते. पाचवीतील एकाने विचारले, “सर, सिक्खा म्हणजे शिक्षा ना? मग शील घेणं म्हणजे शिक्षा घेणं का?” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे, हिंदीत आजही तोच अर्थ आहे, मराठीत मात्र तो दंडावर येऊन थांबला. मूळ धातू शिक्ष्, आणि तो शक् या धातूचे इच्छार्थक रूप मानला जातो. शक् म्हणजे समर्थ असणे. म्हणजे शिकणे हा शब्द मुळात ‘समर्थ होऊ इच्छिणे’ या अर्थाचा. शक्ती, शक्य, शिक्षण, शिक्षक, शिकणे, शिक्षा अशी ही सगळी भावंडे एका कागदावर आली, तेव्हा मुलांनी ‘शिक्षा’ या शब्दाला लाल खडूने घेरले आणि रेघेवर लिहिले: ‘हा घरातून कसा बिघडला?’ बाबासाहेबांनी आपल्याला जे तीन शब्द दिले, त्यांतला पहिला या घराण्यातला आहे, हे त्याच तासाला एका मुलाच्या लक्षात आले. बाबासाहेब स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम करीत होते. शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते काम आहे आणि तो खंड आपल्या ग्रंथालयात वरच्या फळीवर आहे. आता तो खालच्या फळीवर आणला आहे.

ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी 1972 च्या सुमारास लहान मुलांना विज्ञान कसे समजते याचा अभ्यास करीत होते. मुलांच्या मुलाखतींचे ढीग साचले, आणि मुलाच्या समजुतीत वर्षागणिक काय बदलले हे त्या ढिगातून दिसेना. तेव्हा त्यांनी मुलाच्या बोलण्यातील संकल्पना चौकटींत मांडल्या, त्या रेघांनी जोडल्या आणि रेघांवर जोडणारे शब्द लिहिले. संकल्पना-नकाशा असा जन्मला. ब्रिटनमधील टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरील मालिकेतून ‘माइंड मॅप’ लोकप्रिय केला. मध्यभागी चित्र, रंगीत फांद्या, प्रत्येक फांदीवर एकच शब्द, असे त्याचे स्वरूप. आज खासगी शिकवण्यांच्या जाहिरातींत दिसतो तो बहुधा हा दुसरा प्रकार. तो दिसायला सुंदर असतो, आठवणीला उपयोगी असतो, याविषयी वाद नाही. पण आमचे मत पहिल्याच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण रेघेवरचा शब्द हेच आहे. रंगीत फांदी दोन गोष्टी शेजारी आणते. त्यांचा परस्परांशी संबंध काय, हे विचारल्याशिवाय ती पुढे जाऊ देते. मराठीने तर हे संबंध आठ विभक्त्यांत मांडून, पाठ करवून, आपल्या हाती दिलेले आहेत. नोव्हाक यांना इंग्रजीत स्वतंत्र जोडशब्द शोधावे लागले. आपल्या मुलांना ते स-ला-ते म्हणून सहावीतच मिळतात.

आणि चित्रातून विचार मांडण्याची ही रीत आपल्याला परकी आहे असे तरी कसे म्हणावे? सहलीत आपण सर्वजण अजिंठ्याला जातो. सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या भिंतीवर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील भवचक्राचे अवशेष आहेत. बराच भाग गेला आहे, तरी चक्राचा घेर ओळखू येतो. मूलसर्वास्तिवादी विनयात असे सांगितले आहे की हे चक्र विहाराच्या दाराशी रंगवावे आणि येणाऱ्यांना ते समजावून देण्यासाठी एका भिक्षूची नेमणूक करावी. चित्र आणि त्यापुढे उभा राहून बोलणारा माणूस, अशी दोन्हींची योजना एकत्र केलेली. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्या सांगताना दोन कड्यांच्या मधे पालीत ‘पच्चया’ हा शब्द येतो. ‘या कारणाने’ असा त्याचा अर्थ आणि रूप पंचमीचे. म्हणजे त्या साखळीतही कडी तर आहेच, पण कडीला कडी जोडणाऱ्या जागेवर विभक्ती आहे. आमच्या एका सहकाऱ्याने हे दाखवून दिले तेव्हा पाली आणि मराठीचे आमचे दोन तास कायमचे एक झाले.

आता आमच्या चुकांविषयी. तिसऱ्या वर्षी तपासणीसाठी पाहुणे येणार होते. भिंती चांगल्या दिसाव्यात म्हणून आम्ही स्वतः फळ्यावर ‘पर्यावरण’ या शब्दाचा सुबक नकाशा काढला, रंगीत खडूंनी, प्रमाणबद्ध. मुलांनी तो उतरवून घेतला. चाळीस कागद लागले, चाळीसही एकसारखे. पाहुण्यांनी कौतुक केले, वहीत शेरा लिहिला. त्या चाळीस कागदांवर एकही खोडाखोड नव्हती, हे आमच्या लक्षात पाहुणे गेल्यावर आले. घोकंपट्टी तोंडाची होती, ती आम्ही हाताची केली होती. ते कागद आम्ही उलटून पुढच्या वर्षी मागील कोऱ्या बाजूने वापरले. तेव्हापासून फळ्यावर शिक्षकाने फक्त मधला शब्द लिहावा, एवढाच दंडक आहे. कधी कधी तो शब्दही आम्ही लिहीत नाही.

दुसरी चूक अधिक खोल होती. मेळघाटातून आलेला एक कोरकू भाषक मुलगा पहिले सहा-सात शनिवार कागदाकडे फक्त पाहत बसे. आम्ही त्याला ‘भाषेत कच्चा’ म्हणून मराठीचे जादा तास लावले. एक दिवस कागदाच्या कोपऱ्यात ‘पाणी’शेजारी त्याने ‘डा’ असे लिहिलेले दिसले. त्याच्या भाषेत पाण्याला डा म्हणतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे जन्माचे नाते नाही. आम्ही त्या शब्दाला मध्यभागी स्वतंत्र कागद दिला. त्या दिवशी वर्गातील इतर मुले गप्प होती आणि तो सांगत होता. मूल आधीच काय जाणते तिथून शिकवायला आरंभ करावा, हे डेव्हिड ऑसुबेल यांनी 1968 मध्ये लिहून ठेवले होते आणि नोव्हाक त्यांच्याच विचारावर उभे होते. डीएडला आम्ही ते वाचलेही होते. वऱ्हाडीत बोललेल्या वाक्याखाली लाल रेघ मारण्याची आमची सवय मात्र त्या ‘डा’पर्यंत गेली नव्हती. ‘पाणकळा’, ‘झिरा’, ‘हापसा’ हे शब्द निबंधात आले की आम्ही गुण कापत होतो. ज्या शब्दात मूल विचार करते तो शब्द कापायचा आणि मग मूल विचार करीत नाही म्हणून तक्रार करायची, हा व्यवहार आम्ही अनेक वर्षे केला. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना त्या लाल रेघा आठवत असतील, त्यांची क्षमा मागण्यास ही जागा योग्य वाटते.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. गोल आणि रेघांना दहावीच्या उत्तरपत्रिकेत थेट गुण नाहीत. पाठ केलेले निबंध लिहूनही मुले उत्तीर्ण होतात, होत राहतील. शनिवारचे दोन तास जातात ते खरेच जातात, आणि त्यामुळे आमचा पाठ्यक्रम दरवर्षी फेब्रुवारीत ओढाताणीने संपतो. गणिताचे सहकारी याबद्दल आम्हांला बोलतात, आणि त्यांचे म्हणणे चूक नाही. पण न पाहिलेल्या विषयावर लिहायला सांगितले तर आमची मुले आता कागदाच्या मागे आधी एक शब्द लिहून चार रेघा ओढतात, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहतो. विषय ओळखीचा नसला तरी ‘त्याने, त्याला, त्याच्यापासून, त्याचा, त्यात’ हे प्रश्न ओळखीचे असतात. बाहेर पडल्यावर कचेरीत, सभेत, ग्रामसभेत, मुलाखतीत जे प्रश्न येतील ते कोणत्याच मार्गदर्शकात छापलेले नसतील. आपल्या मुलांना कोणी घरातून तयार उत्तरे देऊन पाठविलेले नाही.

त्या पालकांच्या मुलीचा कागद त्या दिवशी भिंतीवरच होता. त्यांनी तो आम्हांला वाचून दाखवायला सांगितला. मधला शब्द होता ‘रस्ता’. ‘रस्त्याला’ या रेघेवर तिने लिहिले होते: ‘बाबा रस्त्याला लागले की आई दार लावत नाही.’ त्यांनी ते दोनदा वाचायला लावले. मग डांबरीकरणाच्या कामावर गेलेल्या दिवसांविषयी ते बोलत राहिले, आणि ‘रस्त्याने’ या कोऱ्या राहिलेल्या रेघेवर काय लिहावे हे त्यांनी सांगितले. ते आम्ही त्यांच्या शब्दांत लिहून घेतले. एसटीची वेळ झाली म्हणून ते गेले. दिवाळीच्या सुट्टीआधी ते पुन्हा आले, तेव्हा आधी भिंतीकडे गेले आणि मग कार्यालयात.

या स्मरणिकेच्या वाचकांकडे आमचे मागणे आहे. शेतीची, गिरणीची, बांधकामाची, रेल्वेची, स्वयंपाकघराची, जात्याची, दवाखान्याची, ज्याची त्याची आपापली भाषा असते. त्या कामातले जे शब्द आता ऐकू येत नाहीत, ते आम्हांला पाठवावेत. अर्थ लिहिला नाही तरी चालेल, शक्य असल्यास ज्या वाक्यात तो शब्द ऐकला ते वाक्य लिहावे, कारण वाक्यात विभक्ती असते. माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी दुपारी शाळेत यावे, मुलांबरोबर जमिनीवर बसावे लागेल. आणि कागद लागतात. खाकी कागदाचा गठ्ठा मिळाला तर उत्तमच, नाही तर गेल्या वर्षीच्या मोठ्या कॅलेंडरांची मागची बाजू कोरी असते, तीही आम्हांला चालते.